फुटलेली महाधमनी: नव्या शस्त्रक्रियेची पारख कशी होते?

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटातला तिचा भाग साधारण २ सेंमी रुंद असतो. ती फुगत फुगत ५.५ सेंमीपुढे गेली की फुटण्याची भीती वाढते. चाळीसगावच्या रुग्णाची रात्री अशी धमनी फुटली आणि तो कन्नडचा घाट ओलांडून संभाजीनगरला जिवंत पोचला, तर त्याची निवड घाटानेच केलेली असते: पाठीकडच्या ऊतींनी रक्ताची गाठ धरून रक्तस्राव थोपवलेला असतो. अशांचे आकडे पाहून शस्त्रक्रियेला शाबासकी देणं फसवं.

जुनी पद्धत पोट उघडण्याची. फुग्याच्या वर क्लॅम्प (चिमटा) लावून डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवतात. भूल चढताच पोटाचे स्नायू सैल पडतात, गाठीवरचा दाब सुटतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून पोट निर्जंतुक करून, सर्जन सुरी घेऊन उभा राहिल्यावरच भूल देतात.

नवी पद्धत जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी) सरकवण्याची. जागेपुरती भूलही चालते. पण ग्राफ्टला वरच्या बाजूला १० ते १५ मिमी निरोगी भाग पकडायला लागतो. केळीच्या बागेत ठिबकची नळी जोडावर नीट बसली नाही की पाणी बाजूने झिरपतं, तसंच इथे रक्त.

आता गोम अशी की सोयीची रचना आणि टिकून असलेला रक्तदाब, असेच रुग्ण स्टेंटकडे जातात, कोसळलेले सुरीखाली. मग स्टेंट जिंकणारच! ब्रिटनमध्ये प्रामुख्याने झालेल्या ‘इम्प्रूव्ह’ चाचणीत ६१३ रुग्णांची स्टेंट आणि पोट उघडणं अशा दोन गटांत विभागणी सीटी स्कॅनची वाट न पाहता, नुसत्या संशयावरून आणि सोडतीने केली गेली. स्टेंट गटातल्या फुटलेल्या धमन्यांपैकी सुमारे ६४ टक्केच स्टेंटजोग्या निघाल्या. उरलेल्यांचं पोट उघडलं, तरी हिशोब स्टेंट गटातच धरला. काहींना हे खटकतं, पण तेच योग्य. रुग्ण दारात येतो तेव्हा रचना कुणाला ठाऊक असते?

३० दिवसांतले मृत्यू: स्टेंट गटात ३५.४ टक्के, पोट उघडण्याच्या गटात ३७.४. म्हणजे जवळपास बरोबरी. ३ वर्षांनी मात्र ४८ विरुद्ध ५६. वरचा रक्तदाब ७० च्या खाली गेलेल्यांची गत वाईट झाली. उलट रुग्ण शुद्धीवर असताना सलाईन ओतत सुटलं, तर दाब वाढून गाठ निसटते आणि रक्त पातळ होऊन गोठत नाही.

स्टेंट नीट बसला तरी सांडलेलं रक्त पोटातच राहतं. ते आतड्यांना आणि मूत्रपिंडांना दाबतं. म्हणून आयसीयूत लघवीच्या नळीतून मूत्राशयाचा दाब वरचेवर मोजतात; त्यावरून पोटातला दाब कळतो. तो २० मिमी पाऱ्याच्या वर टिकला आणि लघवी आटली, की पोट उघडावंच लागतं.