पावलाच्या हाडांतील स्क्रू आणि इम्प्लांट

पावलातील मोडलेली, निखळलेली किंवा शस्त्रक्रियेत मुद्दाम कापलेली हाडे जुळून येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवणारी साधने. स्क्रू, प्लेट, तारा आणि स्टेपल हे त्यांतले मुख्य प्रकार. बोलताना या सगळ्याला सरसकट ‘पायात रॉड टाकला’ असे म्हटले जाते. पण मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात बसतो तसा लांब रॉड पावलात क्वचितच लागतो, कारण इथली हाडे लहान आणि आखूड असतात.

या साधनांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे स्क्रू बसला की पाय ‘पक्का’ झाला. हाड जुळते ते स्वतःच्या पेशींनी. धातू फक्त तोवरची मुदत काढतो. हाड जुळलेले नसताना रोज हजारो पावले टाकली गेली तर कोणताही स्क्रू कायमचा टिकत नाही. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते तसाच तोही एक दिवस तुटतो. हाड आधी जुळले तर शस्त्रक्रिया यशस्वी, स्क्रू आधी तुटला तर फसली. पावलाच्या शस्त्रक्रियेतील बहुतेक निर्णय याच शर्यतीकडे बघून घेतले जातात.

पावलाची अडचण : एका पावलात २६ हाडे असतात. मागच्या व मधल्या भागात ७ गुल्फास्थी (टाचेचे हाड त्यांतलेच), पुढे ५ प्रपदास्थी आणि बोटांत १४ अंगुलास्थी. अंगठ्याच्या बुडाखालची दोन वाटाण्याएवढी हाडे यात धरलेली नाहीत. दोन्ही पावले मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखालीच आहे. चालताना एका पावलावर शरीराच्या वजनापेक्षा थोडा जास्त भार येतो, पळताना तो वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो. गुल्फास्थी आतून स्पंजासारख्या जाळीदार असल्याने त्यांत स्क्रूची पकड बेताचीच मिळते. पावलाच्या वरच्या बाजूला आणि टाचेच्या कडांना कातडीखाली मांस जवळजवळ नसते, म्हणून स्क्रूचे डोके दोन मिलिमीटर वर राहिले तरी बुटात टोचते आणि जखम उघडली तर खाली थेट धातू दिसतो. दणकट साधन हवे आणि तेच मावायला जागा नाही, अशी ही कोंडी आहे.

स्क्रू हाड कसे आवळतो : सुताराचा स्क्रू दोन फळ्या जवळ ओढतो तेच तत्त्व इथेही आहे. अलीकडच्या तुकड्यात भोक स्क्रूच्या पूर्ण जाडीइतके पाडतात, म्हणजे तिथे आटे न अडकता स्क्रू नुसता सरकतो. पलीकडच्या तुकड्यात भोक लहान ठेवतात, म्हणजे तिथे आटे रुततात. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ही भोके अनुक्रमे ३.५ आणि २.५ मिलिमीटरची असतात. स्क्रू पिळला की डोके अलीकडचा तुकडा दाबते, आटे पलीकडचा ओढतात आणि मधली भेग मिटते. जाळीदार हाडासाठीच्या स्क्रूला आटे फक्त पुढच्या भागात असतात. असा स्क्रू वापरताना सगळे आटे भेगेच्या पलीकडे गेलेच पाहिजेत. एखादा आटाही अलीकडे राहिला तर तुकडे जवळ येण्याऐवजी होते तेवढ्याच अंतरावर जखडले जातात. चूक साधी असली तरी एक्स-रेच्या फोटोत ती नंतर ठळक दिसते.

पावलात पोकळ स्क्रूंचा वापर फार होतो. आधी एक बारीक तार एक्स-रेच्या पडद्यावर पाहून हव्या त्या जागी घालतात आणि जागा बरोबर असल्याची खात्री पटली की त्याच तारेवरून पोकळ स्क्रू सरकवतात. चुकायचेच असेल तर तारेने चुकलेले परवडते. बिनडोक्याच्या स्क्रूची कल्पना ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक टिमोथी हर्बर्ट यांची. मनगटातल्या एका लहान हाडासाठी त्यांनी तो घडवला आणि १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच्या दोन्ही टोकांना आटे असतात, पण पुढच्या आट्यांमधले अंतर मागच्यांपेक्षा जास्त असते. त्यामुळे दर फेऱ्याला पुढचे टोक थोडे अधिक पुढे जाते आणि तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. स्क्रू संपूर्ण हाडात बुडतो, वर काहीच उरत नाही. मनगटासाठी जन्मलेला हा स्क्रू पातळ कातडीच्या पावलालाही मानवला यात नवल नाही.

आवळणे हाच प्रत्येक स्क्रूचा हेतू नसतो. काही ठिकाणी दोन हाडांमधले नैसर्गिक अंतर जसेच्या तसे राखायचे असते; तिथे दोन्ही हाडांत आटे रुतवून स्क्रू नुसता टेकूसारखा ठेवतात.

इतर साधने : तुकडे जास्त असतील तर प्लेट लागते. आधुनिक प्लेटच्या भोकांनाही आटे असतात आणि स्क्रूचे डोके त्यांत घट्ट बसते. त्यामुळे ठिसूळ हाडातही स्क्रू डगमगत नाहीत, कारण प्लेट आणि स्क्रू मिळून एकच चौकट होते. सर्वांत जुने आणि स्वस्त साधन म्हणजे के-वायर. मार्टिन किर्शनर या जर्मन शल्यचिकित्सकांनी १९०९ मध्ये ती प्रचारात आणली आणि ‘के’ हे त्यांच्याच नावाचे आद्याक्षर आहे. बोटांच्या शस्त्रक्रियेत तिचे टोक कातडीबाहेर ठेवतात आणि चार ते सहा आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच ओढून काढतात. निकेल व टायटॅनियमच्या नितिनॉल या मिश्रधातूच्या स्टेपलची गंमत वेगळी. या धातूला मूळचा आकार ‘आठवतो’; दोन टोके फाकवून हाडात बसवलेले स्टेपल पुन्हा मिटू पाहते आणि सांध्यावर दाब धरून ठेवते.

धातू : बहुतेक साधने दोन प्रकारच्या धातूंची असतात. ३१६एल या स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम असते. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. स्टीलचा ताठरपणा सुमारे १९० ते २०० गिगापास्कल (हे ताठरपणा मोजण्याचे एकक), टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास आणि हाडाच्या घट्ट कवचाचा साधारण १५ ते २०. म्हणजे टायटॅनियम हाडाला त्यातल्या त्यात जवळचे. शिवाय त्यात निकेल नसल्याने निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना ते सोयीचे पडते. मात्र हाड टायटॅनियमला इतके चिकटते की काढायची वेळ आली तर डोक्याची खाच झिजते आणि स्क्रू हलत नाही. हा त्रास भोगलेले शल्यचिकित्सक स्टीलची आठवण काढतात.

विरघळणाऱ्या स्क्रूंसाठी पॉलिलॅक्टिक आम्लासारखे पदार्थ वापरतात. त्यांची ताकद धातूपेक्षा कमी असते आणि विरघळताना कधीकधी सूज येते. मॅग्नेशियमचा इतिहास याहून नाट्यमय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमचे आल्बॅं लांबोट यांनी पायाच्या अस्थिभंगात मॅग्नेशियमची प्लेट बसवून पाहिली, तर ती काही दिवसांतच गळून गेली आणि कातडीखाली वायूचे फुगे साठले. सावकाश विरघळणारा मिश्रधातू तयार होईपर्यंत शतक उलटले. २०१३ मध्ये युरोपात मॅग्नेशियमच्या स्क्रूला मान्यता मिळाली, आणि त्याची सुरुवातीची चाचणी पावलातच, बाकलेला अंगठा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत झाली होती.

इतिहासाचा धागा : हाडात धातू बसवण्याआधी दोन गोष्टी आवश्यक होत्या, जंतुसंसर्ग टाळणे आणि आतले दिसणे. पहिली जोसेफ लिस्टर यांच्या १८६७ मधील लेखांनी आणि दुसरी १८९५ मध्ये रंटगेन यांच्या क्ष-किरणांनी शक्य झाली. ‘ऑस्टिओसिंथेसिस’ (हाडाचे तुकडे साधनांनी जोडून धरणे) हा शब्द रूढ केला लांबोट यांनी. बेल्जियमचेच रोबेर दानीस यांनी १९४९ च्या ग्रंथात दाखवले की घट्ट आवळलेले हाड बाहेरून नव्या हाडाची गाठ न धरताच जुळते. त्यापासून स्फूर्ती घेऊन मॉरिस म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अशा शस्त्रक्रियांचा अभ्यास करणारा एओ हा गट स्थापन केला. स्क्रू, ड्रिल आणि पेचकस यांची मापे एकमेकांशी जुळवून संचांत ठेवण्याची आजची पद्धत या गटाने घालून दिली.

लिसफ्राँ सांधा : पावलाच्या स्थिरीकरणाची सगळी गुंतागुंत पाहायची असेल तर ती इथे पाहावी. पावलाच्या मधोमध, गुल्फास्थी व प्रपदास्थी जिथे मिळतात त्या रेषेला झाक लिसफ्राँ (१७९०–१८४७) या फ्रेंच शल्यचिकित्सकाचे नाव आहे. डॉक्टरांच्या तोंडी त्याचा ‘लिसफ्रँक’ होतो. त्यांनी या रेषेतून पाऊल झटपट कापून काढण्याची पद्धत सांगितली होती; आज त्यांचे नाव त्याच रेषेवर पाऊल वाचवण्याच्या शस्त्रक्रियेला चिकटले आहे.

दुसऱ्या प्रपदास्थीचे बूड शेजाऱ्यांपेक्षा मागे, खाचेत बसलेले असते आणि दगडी कमानीतल्या मधल्या दगडासारखे ते आडवी कमान पेलते. पहिल्या व दुसऱ्या प्रपदास्थीच्या बुडांना एकमेकांशी बांधणारा अस्थिबंध मात्र नसतो. त्याऐवजी आतल्या पाचरीच्या आकाराच्या हाडापासून दुसऱ्या प्रपदास्थीकडे एक जाड तिरका अस्थिबंध जातो. तो तुटला की अख्खा चवडा बाहेर सरकू शकतो. वाईट म्हणजे झोपवून काढलेल्या एक्स-रेत ही दुखापत सहज निसटते. पायावर वजन देऊन फोटो काढल्यावर मगच दोन हाडांमधली फट उघडते. तळव्यावर आलेला निळा डाग हा यातला बोलका पुरावा.

शस्त्रक्रियेतला मुख्य स्क्रू नेमका तुटलेल्या अस्थिबंधाच्या वाटेने घालतात. आतल्या तीन प्रपदास्थींचे सांधे मुळातच फारसे हलत नाहीत, म्हणून ते स्क्रू किंवा प्लेटने जखडले तरी चालते. बाहेरचे दोन मात्र खडबडीत जमिनीशी जुळवून घेणारे असल्याने त्यांना फक्त तारा लावतात आणि सुमारे सहा आठवड्यांनी काढतात. सांध्यातून आरपार गेलेला स्क्रू कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला) भोक पाडतो, म्हणून अनेक जण आता सांध्यावरून पूल टाकल्यासारखी प्लेट पसंत करतात. दोन बटणांमध्ये ताणलेल्या मजबूत दोऱ्याचाही वापर होतो. दोरा थोडा लवतो आणि तो काढावा लागत नाही. हाड न मोडता नुसते अस्थिबंध तुटले असतील तर आतले सांधे पहिल्याच वेळी एकजीव करून टाकावेत, असे मानणारा एक मोठा पक्ष आहे. अस्थिबंध हाडाइतका खात्रीने जुळत नाही, हा त्यांचा मुद्दा खोडणे कठीण आहे.

पाचवी प्रपदास्थी : करंगळीमागच्या या हाडाच्या बुडाजवळचा विशिष्ट अस्थिभंग रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये वर्णिला, तो स्वतःचाच पाय नाचताना मोडल्यावर. या ठिकाणी रक्तपुरवठा तोकडा असल्याने हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. खेळाडूंमध्ये म्हणूनच हाडाच्या पोकळीतून लांबीच्या दिशेने एक जाड स्क्रू घालतात. हाड किंचित वाकडे, स्क्रू सरळ. प्रमाणाबाहेर लांब स्क्रू घातला तर तो हाड सरळ करू पाहतो आणि भेग बाहेरच्या बाजूने उघडते. याच हाडाच्या अगदी टोकाचा कपचा निघाला असेल तर बहुधा शस्त्रक्रियेची गरजच नसते. दोन्हींतले अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे, पण उपचार अगदी वेगळे.

इतर ठिकाणे : उंचावरून पडल्यावर टाचेचे हाड चेपते, आणि अशा वेळी मणका तपासायला विसरू नये. पूर्वी टाचेच्या बाहेरच्या बाजूने मोठा एल आकाराचा छेद घेऊन प्लेट बसवत. कातडीची कड काळी पडण्याचे प्रमाण त्रासदायक असल्याने लहान छेदातून स्क्रू घालण्याकडे कल वाढला. घोट्यातल्या टॅलस हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा बराच पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे, त्यामुळे रक्त आत शिरायला वाटा मोजक्याच. त्याची मान मोडली तर स्क्रूने उत्तम जुळवूनही हाडाचा भाग मरू शकतो. पूर्ण नष्ट झालेल्या टॅलसऐवजी रुग्णाच्या मापाने त्रिमितीय छपाईने बनवलेले धातूचे हाड बसवण्यास अमेरिकेत २०२१ मध्ये मर्यादित मान्यता मिळाली.

अंगठा बाकल्यास प्रपदास्थी कापून, सरकवून एक-दोन बारीक बिनडोके स्क्रूंनी धरतात. झिजलेले सांधे एकजीव करण्यासाठी, विशेषतः टाच आणि टॅलस यांच्यात, ६.५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड स्क्रू लागतात. सपाट पावलाच्या मुलांमध्ये या दोन हाडांमधल्या पोकळीत खुंटीसारखे इम्प्लांट बसवण्याची पद्धत आहे. ती वादग्रस्त आहे, कारण खुंटी दुखू लागल्याने काढावी लागण्याचे प्रसंग कमी नाहीत.

शार्को पाऊल ही सर्वांत अवघड परीक्षा. दीर्घ मधुमेहात संवेदना गेलेल्या पावलाची हाडे वेदना न होता मोडत, सरकत जातात. रुग्णाला दुखत नसल्याने तो चालत राहतो, म्हणजे स्क्रूला विश्रांतीच नाही. यात नेहमीपेक्षा लांब आणि जाड स्क्रू, खराब झालेल्या सांध्यांच्या पलीकडच्या निरोगी हाडांपर्यंत नेतात. तरीही साधने तुटतात, सैल होतात.

नंतरचे दिवस : बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांनंतर सुमारे सहा आठवडे पायावर वजन टाकू देत नाहीत. धूम्रपान हाड जुळण्याला उघड मारक आहे. जंतुसंसर्ग झाला तर जंतू धातूवर चिकट थर करून राहतात, त्या थराखाली प्रतिजैविके नीट पोचत नाहीत आणि पुष्कळदा धातू काढल्याशिवाय जखम सुकत नाही. टायटॅनियम आणि इम्प्लांटचे स्टील चुंबकाला ओढले जात नसल्याने एमआरआय साधारणपणे करता येतो. धातूभोवतीचे चित्र मात्र धूसर येते.

साधने काढावीत का, याला एकच उत्तर नाही. न टोचणारा, हाडात बुडालेला स्क्रू आयुष्यभर राहिला तरी बिघडत नाही. हलणाऱ्या सांध्यातून गेलेले, बुटाला घासणारे किंवा सैल झालेले साधन काढतात. तुटलेल्या स्क्रूचा खोल अडकलेला तुकडा त्रास देत नसेल तर तो शोधण्यासाठी हाड कोरण्यापेक्षा तिथेच सोडलेला बरा. स्क्रू निघाल्यावर राहिलेली भोके भरायला काही आठवडे लागतात, आणि तोवर हाड त्याच जागी पुन्हा मोडू शकते, म्हणून उड्या व धावणे तेवढे दिवस बंद ठेवतात.