दोन संघांचं एक घर, आणि हवेची भिंत

म्युनिक शहरात फुटबॉलचे दोन जुने क्लब आहेत. बायर्न म्युनिक लाल, १८६० म्युनिक निळा. दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतात. या दोघांनी मिळून एकच स्टेडियम बांधायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात नाजूक प्रश्न हाच होता की इमारतीचा रंग कोणता?

त्याआधी दोघंही १९७२च्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळत. ती वास्तू देखणी आहे, पण मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब पडतो. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे क्रिकेटच्या गोल मैदानावर, फुटबॉल पाहिलेल्यांना ही तक्रार वेगळी समजावून सांगायला नको. २००१ साली म्युनिकमध्ये सार्वमत झालं, मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी नव्या स्टेडियमच्या बाजूने कौल दिला आणि ३० मे २००५ला आलियान्झ अरेना सुरू झालं. पहिला सामना १८६०चा, दुसऱ्या दिवशी बायर्नचा.

इथे ट्रॅक नाही. बैठकीचे तीन मजले आहेत. त्यांचा चढ खाली २४ अंश, मधे ३० आणि सगळ्यात वर ३४. चढ सगळीकडे एकच ठेवला, तर मागे जावं तसं पुढच्याच्या डोक्यावरून मैदानाची जवळची कड दिसायचा वाव कमी होत जातो. म्हणून वर जाताना उतार वाढवावा लागतो. वरच्या मजल्यावर पायऱ्या उतरताना जरा धडकी भरते, त्याला हे गणित जबाबदार.

पण खरी गंमत बाहेरच्या भिंतीत आहे. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी ती काचेची किंवा काँक्रीटची न करता हवेने फुगवलेल्या अडीच हजारांहून अधिक शंकरपाळी आकाराच्या उशांची केली. या उशा ईटीएफई नावाच्या प्लास्टिकच्या आहेत. नॉनस्टिक तव्यावरच्या टेफ्लॉनच्या नात्यातलंच हे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक. त्यावर धूळ फारशी चिकटत नाही, पाऊस ती धुऊन नेतो. अतिनील किरण त्यातून आरपार जातात, त्यामुळे ते उन्हात पिवळं पडत नाही.

उशीच्या पडद्याची जाडी फक्त ०.२ मिलिमीटर. एक चौरस मीटर पडदा साधारण साडेतीनशे ग्रॅम भरतो. तेवढीच सहा मिलिमीटरची काच पंधरा किलोंची होते. भिंत इतकी हलकी, म्हणून तिला धरणारा सांगाडाही हलका.

एवढा पातळ पडदा वाऱ्यासमोर टिकतो कसा? सपाट पडदा फडफडेल. दोन पडदे कडांना जोडून मधे हवा भरली की ते फुगून ताणले जातात, आणि ताणलेला पडदा भार पेलतो. अशा उशांना दाब फार लागत नाही, साधारण काहीशे पास्कल पुरतात. ३०० पास्कल म्हणजे तीन सेंटीमीटर खोल पाण्याचा तळावर पडणारा दाब. ताण म्हणजे दाब गुणिले वक्रतेची त्रिज्या. त्रिज्या पाच मीटर धरली, तर पडद्याच्या दर मीटर रुंदीवर १५०० न्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलोंचं ओझं येतं. जाडीने भागलं की चौरस मिलिमीटरला साडेसात न्यूटन. ईटीएफई फाटायला याच्या कितीतरी पट ताण लागतो. हवा थोडीथोडी झिरपतच असते, म्हणून पंखे ती सतत भरत राहतात. आणि ती कोरडी करूनच भरावी लागते, नाहीतर थंडीत उशीच्या आत दव साचेल.

भिंतीतल्या दुधी उशा प्रकाश विखुरतात. त्यामुळे मागे दिवे लावले की अख्खी उशी उजळते. रंगाचा तंटा इथे मिटला: बायर्नच्या सामन्याला लाल, १८६०च्या सामन्याला निळा, जर्मनीच्या राष्ट्रीय संघासाठी पांढरा. सुरुवातीला ट्यूबलाइटवर रंगीत झाकणं बसवून हे साधलं होतं. या पद्धतीत रंग मोजकेच, शिवाय झाकण नको असलेला प्रकाश गिळून टाकतं, म्हणजे वीज वाया. २०१५मध्ये तीन लाखांहून अधिक एलईडी बसवले. लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या तीव्रतेच्या २५६ पायऱ्या, म्हणजे २५६ × २५६ × २५६, एक कोटी सदुसष्ट लाखांवर छटा. डोळ्याला त्यातल्या कित्येक वेगळ्या ओळखताही येणार नाहीत, पण जाहिरातीत आकडा शोभून दिसतो.

या दिव्यांचं राजकारणही झालं. जून २०२१मध्ये जर्मनी-हंगेरी सामन्याच्या वेळी भिंत इंद्रधनुष्यी रंगांत, म्हणजे समलैंगिकांच्या हक्कांचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या रंगांत उजळावी, अशी विनंती म्युनिकच्या महापौरांनी केली. युएफा या युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने ती फेटाळली.

दरम्यान भागीदारी मोडली होती. पैशांच्या अडचणीतल्या १८६०ने २००६ मध्येच आपला हिस्सा बायर्नला विकला. २०१७मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि आपल्या जुन्या, छोट्या ग्रुनवाल्डर स्टेडियममध्ये परतला. आता घर एकट्या बायर्नचं. कुणाचाच रंग नको म्हणून आतल्या खुर्च्या करड्या ठेवल्या होत्या. २०१८मध्ये त्यांच्या जागी लाल आणि पांढऱ्या खुर्च्या आल्या.