‘कॅच-२२’ : त्याच त्या विनोदांचं जुनं भांडण

जोसेफ हेलर यांची ‘कॅच-२२’ ही दुसऱ्या महायुद्धावरची विनोदी कादंबरी वाचणाऱ्यांत दोन तट पडलेले असतात. एकाला हसून हसून पुस्तक खाली ठेवावं लागतं. दुसरा शंभराव्या पानावर म्हणतो, कळलं बाबा, पुढे काय? गंमत अशी, की दोघंही बोट एकाच जागी ठेवतात. तीच माणसं, तेच संवाद, तेच विनोद फिरून फिरून येतात. हे भांडण पुस्तकाइतकंच जुनं आहे.

हेलर दुसऱ्या महायुद्धात बाँबर्डियर होते, म्हणजे विमानाच्या नाकाशी बसून बाँब सोडणारे. कॉर्सिका बेटावरून बी-२५ विमानांतून त्यांनी ६० मोहिमा केल्या. युद्धानंतर ते न्यूयॉर्कमध्ये मासिकांच्या जाहिरात विभागांत नोकरी करत आणि संध्याकाळी घरी बसून कादंबरी लिहीत. १९५३ मध्ये हात घातला, पुस्तक आलं १९६१ मध्ये. मधल्या काळात, १९५५ मध्ये, पहिलं प्रकरण ‘कॅच-१८’ या नावानं छापून आलं होतं. पण लिऑन युरिस यांची ‘मिला १८’ ही कादंबरीही १९६१ मध्येच येणार होती. दोन अठरा नकोत म्हणून संपादक रॉबर्ट गॉटलिब आणि मंडळींनी आकडे चाळवले आणि २२ वर थांबले. आज जगभर बोलला जाणारा हा शब्द असा तडजोडीतून आलेला आहे.

कादंबरीतला ‘कॅच-२२’ हा नियम असा. वेडा झालेल्या वैमानिकाला उड्डाणातून सुटका मिळते. मात्र ती मागावी लागते. आणि जिवाच्या भीतीनं सुटका मागतो तो शहाणाच, तेव्हा त्यानं उडायचंच. आपल्याकडे याला ‘इकडे आड तिकडे विहीर’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आड आणि विहीर आपापल्या जागी असतात. इथे खड्डा नियमानंच खणलेला आहे, तोही तुम्ही पाऊल उचललंत की नेमका त्याखाली.

समीक्षकांचं म्हणाल तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक पुरवणीत रिचर्ड स्टर्न यांनी कारागिरी आणि संवेदना दोन्ही कमी पडल्याचा ठपका ठेवला. अभिप्रायासाठी प्रत पाठवली तर इंग्रज कादंबरीकार एव्हलिन वॉ यांनी कळवलं, ही कादंबरीच नव्हे, हे सुटे प्रसंग आहेत. उलट ‘द नेशन’मध्ये नेल्सन ऑल्ग्रेन यांनी कित्येक वर्षांतली सर्वोत्तम अमेरिकन कादंबरी ठरवली. पुठ्ठाबांधणीची आवृत्ती अमेरिकेत ‘टाइम्स’च्या खपाच्या यादीत कधी चढलीच नाही. इंग्लंडमध्ये मात्र १९६२ मध्ये ती लगेच अग्रस्थानी गेली.

पुस्तक तगलं ते वाचकांच्या चिकाटीवर. स्टीफन अँब्रोज या तरुण इतिहासकारानं हेलरना पत्र लिहिलं : या युद्धातून असं पुस्तक यायला हवं म्हणून मी १६ वर्षं वाट पाहत होतो, आणि ते अमेरिकेतून येईल असं वाटलं नव्हतं. अमेरिकन टीव्हीवरचे निवेदक जॉन चॅन्सलर यांनी ‘योसारियन जिवंत आहे’ असे, कादंबरीच्या नायकाच्या नावाचे स्टिकर स्वखर्चानं छापून घेतले आणि एनबीसी या वाहिनीच्या कार्यालयात गुपचूप भिंतींवर चिकटवले. मग १९६२ मध्ये पेपरबॅक आली आणि ती लाखांनी खपली. पुढे व्हिएतनाममध्ये सैन्य उतरू लागलं तसं विद्यार्थ्यांना हे पुस्तक आपल्याच युद्धावरचं वाटू लागलं. ते फार चुकीचंही नव्हतं. निष्ठेच्या शपथा घेतल्याशिवाय जेवण न मिळणारं प्रकरण १९४४ चं नव्हे, १९५० च्या दशकातलं आहे, सिनेटर मॅकार्थी घरोघर कम्युनिस्ट हुडकत होते त्या काळातलं.

ओहायोतल्या स्ट्राँग्सव्हिल गावच्या शाळा मंडळानं १९७२ मध्ये ही कादंबरी शाळेच्या ग्रंथालयातून काढायला लावली. विद्यार्थ्यांच्या बाजूनं प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९७६ मध्ये अपील कोर्टानं ग्रंथालयातली पुस्तकं अशी काढता येणार नाहीत असं सांगितलं.

तरी ‘तेच तेच’चा निकाल कोर्टात लागत नाही. स्नोडेन नावाच्या गनरचा मृत्यू कादंबरीत थोडा थोडा येतो. सुरुवातीला ओझरता, जवळजवळ विनोदासारखा. दर वेळी एखादा तपशील वाढतो. योसारियन त्याच्या मांडीची जखम नीट बांधतो, स्नोडेन थंडीनं कुडकुडत असतो, आणि खरी जखम चिलखती जाकिटाखाली असते हे वाचकाला शेवटी शेवटी कळतं. तिथवर पोचलेला वाचक मागच्या हसण्यावर जरा ओशाळतो. शंभराव्या पानावर थांबलेल्याच्या वाट्याला फक्त विनोद येतात. तेव्हा त्याची तक्रार त्याच्यापुरती खरीच आहे.

हा प्रसंग आलाय हेलर यांच्या ३७ व्या मोहिमेतून, ऑगस्ट १९४४, फ्रान्समधलं आव्हिन्यों. त्यांच्या विमानातल्या गनरलाही मांडीत जखम झाली होती. तो वाचला.