हवाई प्रजासत्ताकाचं अमेरिकेत विलीनीकरण

हवाई प्रजासत्ताक हा पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवरचा 4 जुलै 1894 ते 12 ऑगस्ट 1898 एवढाच टिकलेला देश. तो अमेरिकेत आपणहून गेला असं कागदावर दिसतं, पण गेलं ते सरकार, तिथल्या मूळ लोकांचा याला उघड विरोध होता आणि त्याचे पुरावे आहेत.

आधी तिथे राजेशाही होती, शेवटची राणी लिलिउओकलानी. पैसा सगळा उसाच्या मळ्यांत आणि मळे बहुतेक अमेरिकन वंशाच्या लोकांकडे. 1890 मध्ये अमेरिकेने बाकी देशांच्या कच्च्या साखरेवरचीही ड्युटी काढली, वर स्वतःच्या उत्पादकांना बोनस दिला, त्यामुळे हवाईच्या साखरेचा फायदाच गेला आणि मळेवाल्यांपैकी काहींना अमेरिकेत सामील व्हायची घाई झाली. राणीने राजाचे अधिकार परत आणणारी नवी राज्यघटना करायचं ठरवलं तेव्हा 17 जानेवारी 1893 ला त्यांच्या गटाने तिला हटवलं, आदल्याच दिवशी अमेरिकन राजदूत स्टीव्हन्सने जहाजावरचे सैनिक होनोलुलूत उतरवले होते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने चौकशी करवली, हे चुकीचं झालं म्हणाला, राणीला परत बसवा म्हणाला, पण राणीला हटवणाऱ्यांच्या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोलने ऐकलं नाही आणि विलीनीकरणाची वाट बघता बघता प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. 1895 मध्ये राणीच्या समर्थकांनी उठाव केला, तो फसला आणि राणीला तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या खोलीत कैद केलं.

1897 मध्ये नवा राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेने विलीनीकरणाचा करार केला. यावर मूळ हवाईयन लोकांनी जे केलं ते खरंच मोठं आहे: बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या अर्जावर 21,269 सह्या गोळा केल्या, आणि मूळ हवाईयन लोकसंख्याच तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होती! अर्ज वॉशिंग्टनला पोचला, सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं काही जमेनात, करार बारगळला.

मग 1898 चं स्पेनशी युद्ध आलं, फिलिपिन्सच्या वाटेवर नौदलाला हवाई हवंच होतं. कराराऐवजी साध्या बहुमताने पास होणारा संयुक्त ठराव आणला (टेक्सासच्या वेळी 1845 मध्ये हीच वाट काढली होती), 7 जुलैला मॅकिन्लेची सही झाली आणि 12 ऑगस्टला होनोलुलूत झेंडा बदलला. सार्वमत घेतलंच नाही.

राज्याचा दर्जा मिळायला 1959 उजाडलं. 1993 मध्ये अमेरिकन काँग्रेसने राणीला हटवल्याबद्दल ठराव करून माफी मागितली, पण राजघराण्याची आणि सरकारची सुमारे 18 लाख एकर जमीन विनामोबदला अमेरिकेकडे गेली होती तिचा वाद अजून मिटलेला नाही.