वायूंची घनता

वायूंची घनता : एकक घनफळातील वायूचे वस्तुमान. दगड किंवा पाण्याच्या घनतेचा एकच आकडा बहुतेक व्यवहारात पुरतो. वायूचा आकडा मात्र तापमान व दाब सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो. ०° से. तापमान आणि एक वातावरण दाब असताना कोरड्या हवेची घनता १.२९३ किग्रॅ. प्रति घनमीटर असते. पाण्याची १,००० धरतात, तर पश्चिम विदर्भातील विहिरी ज्या काळ्या बेसाल्टात खोदतात, त्याची साधारण २,९०० भरते. एवढी तफावत रेणूंच्या वजनामुळे पडत नाही, त्यांच्यातील अंतरामुळे पडते. रेणू तेच असूनही पाण्याची १००° से.ला वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा व्यापते.

हवेला वजन असते हे प्रथम कोणी दाखवले, याविषयी मतभेद आहेत. फुगवलेली पिशवी रिकामीपेक्षा जड भरते, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते. ज्योतिर्विद टॉलेमीचे मत याच्या उलट होते, अशी नोंद ॲरिस्टॉटलचा सहाव्या शतकातील भाष्यकार सिंप्लिशियस करतो. स्वतः तोलून पाहिल्यावर सिंप्लिशियसला काहीच फरक आढळला नाही. हा प्रयोग फसला असे समजण्याचे कारण नाही. सैल पिशवीतील हवा बाहेरच्या हवेइतकीच विरळ असते, आणि ती जितकी हवा बाजूला सारते तितकेच वजन तराजूवर कमी दिसते. म्हणून सिंप्लिशियसचे निरीक्षण अधिक विश्वसनीय वाटते. वजन दिसायचे तर हवा दाबून भरावी लागते. गॅलिलिओने तेच केले. पाणी हवेच्या सुमारे ४०० पट जड असल्याचे त्याने १६३८ मध्ये प्रसिद्ध केले. खरा आकडा ८०० च्या जवळपास असला, तरी मोजमापाची दिशा योग्य होती.

नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात, त्यामागे हाच हिशेब आहे. २०० लिटर जागेत पाणी २०० किलो मावते. त्याच जागेत बाहेरच्या दुप्पट दाबाने हवा भरली, तरी ती जेमतेम अर्धा किलो होते.

दाब तोच धरला तर १०° से.ला हवेची घनता सुमारे १.२५ आणि ४५° से.ला १.११ येते. म्हणजे दहा फूट लांबी-रुंदी-उंचीच्या खोलीत पौषातल्या पहाटेपेक्षा वैशाखातल्या दुपारी जवळपास चार किलो हवा कमी असते. दमट हवेला बोलण्यात ‘जड’ म्हणतात. वास्तविक पाण्याचा रेणू नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका असल्याने त्याच तापमानाला आणि दाबाला ती कोरड्या हवेपेक्षा हलकीच असते.

कार्बन डाय-ऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड, तर गोबरगॅसमधील मिथेन हवेच्या निम्म्याहून किंचित जास्त. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला उतरलेली माणसे गुदमरतात, त्याचे कारण ‘जड वायू खाली बसतो’ असे दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. एकदा मिसळलेल्या हवेतून जड वायू आपोआप निथळून वेगळा होत नाही. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून तो तळाशीच तयार होतो आणि अरुंद विहिरीत वारा खेळत नसल्याने तिथे साचून राहतो. दोराने कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत ऑक्सिजन बराच घटल्याचे दाखवते, पण हायड्रोजन सल्फाइड ओळखत नाही. मिथेन साचला असेल तर ज्योतच धोक्याची.

कापसाच्या बाबतीत घनता या शब्दाचा घोळ होतो. बैलबंडीत तुडवून भरलेला कापूस हलका वाटतो, कारण त्यात बहुतेक हवाच असते. तंतू स्वतः पाण्याच्या सुमारे दीडपट घन असतो. प्रेसमधून १७० किलोची गाठ निघते तेव्हा तंतू बदललेला नसतो, मधली हवा तेवढी बाहेर गेलेली असते.