उन्हाळ्यात काळी एकची पांढरी दोन

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य आम्ही परभणीकर कुठेही खपवतो. भाचा न्युरेंबर्गला नोकरीला गेल्यापासून तर आमच्या घरात त्याला ऊतच आलाय. मागच्या जूनमध्ये त्याने फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘मामा, इथंही सप्ताह बसलाय.’

गंमत म्हणजे हे शब्दशः खरं होतं. न्युरेंबर्गच्या चर्चमध्ये १९५१ पासून दरवर्षी जो संगीत महोत्सव होतो, त्याचं मूळ जर्मन नावच ‘आंतरराष्ट्रीय ऑर्गन सप्ताह’ असं आहे. महायुद्धातल्या बॉम्बफेकीने शहराचा जुना भाग बेचिराख झाला होता. चर्च पुन्हा उभी राहत होती, त्याच काळात हा उत्सव सुरू झाला. भाचा गेला होता सेंट लॉरेन्झ या गॉथिक चर्चमध्ये. तिथे एक सोडून तीन ऑर्गन आहेत, एका जागी बसून तिन्ही वाजवता येतात आणि सगळ्यांच्या मिळून नळ्या होतात १२,०००हून जास्त.

आमच्या मागच्या गल्लीत पेटीवाले बुवा राहतात. त्यांचं सगळं आयुष्य सप्ताहांमध्ये कीर्तनाला साथ करण्यात गेलंय. त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “पेटीच हे की ही. फक्त भाता कोण मारायलंय ते दिसंना.”

भात्याचा प्रश्न अगदी वर्मावर होता, पण ‘पेटीच’ हे काही खरं नाही. गोंधळ मात्र जुना आहे. मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. बालगंधर्वांच्या मंडळीत साथीला असायचा तो. त्याच्यात नळी एकही नसते. तो आपल्या पेटीचाच थोरला भाऊ : आत पितळी पत्त्या, वारा सुटला की पत्ती थरथरते आणि सूर निघतो. सूर किती उंच, हे पत्ती ठरवते. म्हणून पेटी लावणारा कारागीर पत्ती टोकाशी घासून सूर चढवतो आणि मुळाशी घासून उतरवतो. टोक हलकं झालं की ती जलद हलते, मूळ पातळ झालं की मऊ पडते.

नळ्यांच्या ऑर्गनमध्ये बहुतेक नळ्यांना अशी पत्ती नसतेच. तिथे बासरीचा कारभार. नळीच्या तोंडाशी वाऱ्याचा पातळ झोत धारदार ओठावर आदळतो, आत-बाहेर डोलतो आणि नळीतल्या हवेच्या खांबाला हलवतो. सूर ठरतो तो या हवेच्या खांबाच्या लांबीवरून. लांबी दुप्पट केली की सूर बरोबर एक सप्तक खाली.

हे पाहायला न्युरेंबर्गला जायची गरज नाही. शेतात पाइपलाइन टाकून उरलेला दोन इंची पीव्हीसीचा तुकडा घ्या, साधारण ६३ सेंटिमीटर लांब. एका टोकावर स्लीपरने चापट मारा आणि चप्पल लगेच उचला. ‘पुक’ असा जो आवाज येईल तो पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या, आसपास असतो. आता चापट मारून चप्पल तशीच टोकावर दाबून धरा. सूर थेट एक सप्तक खाली जातो. एक तोंड बंद झालं की तेवढीच नळी दुप्पट लांबीच्या उघड्या नळीसारखी बोलते. ऑर्गन बांधणाऱ्यांनी ही युक्ती शतकानुशतकं वापरली आहे. जागा कमी असेल तिथे नळीला टोपण घालतात आणि निम्म्या उंचीत खर्जाचा सूर काढतात. आवाज थोडा पोकळ, घुमल्यासारखा येतो, कारण बंद नळीत मूळ सुराच्या फक्त विषम पटीतले स्वर उमटतात. हा प्रयोग मी नववीच्या वर्गात केला तेव्हा पुढचा तास चपलांचाच झाला, ते सोडा.

आता भाता. जुन्या काळी युरोपातल्या चर्चमध्ये ऑर्गनच्या मागे भाते तुडवणारी माणसं उभी असत. भाता मारणाऱ्याची दमछाक झाली तरी सूर डगमगता कामा नये, ही खरी अडचण. ती पहिल्यांदा सोडवली, चर्चच्याही कितीतरी आधी, अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस या ग्रीक यंत्रकाराने, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, आणि तीही पाण्याने. पंपाची हवा तो पाण्यात उपड्या ठेवलेल्या भांड्यात सोडायचा. पंपाच्या झटक्यांनी पाणी थोडं खाली-वर व्हायचं, पण पाण्याच्या वजनामुळे नळ्यांना जाणाऱ्या हवेचा दाब जवळजवळ एकसारखा राहायचा. औरंगाबादच्या पाणचक्कीला गेलेल्याला हे पटकन कळेल. डोंगरातलं पाणी आधी उंचावर चढवून मग कोसळू दिलं आहे, म्हणून जातं झटके न खाता फिरतं. बुवांच्या पेटीत हेच काम आतला, स्प्रिंग लावलेला भाता करतो. आज चर्चमध्ये विजेचा पंखा हवा भरतो, पण दाब अजूनही पाण्याच्या उंचीवरच मोजतात : साधारण ७० ते १०० मिलिमीटर. म्हणजे किती? ग्लासात स्ट्रॉ आठ-दहा सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे यायला लागेपर्यंतच फुंका. बस, तेवढाच. एवढ्या मोठ्या इमारतीला थरथरवणारं वाद्य आणि त्यामागची फुंकर ही इतकी हलकी.

रेकॉर्डिंगमध्ये एक खर्ज सूर होता. भाचा म्हणाला, बाकडं थरथरत होतं. सुमारे पाच मीटरची उघडी नळी सेकंदाला ३३ कंपनं देते, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ती काढणं शक्यच नाही. तरी मला आणि बुवांना तो खर्ज ऐकू आला. फोनमधून येत होत्या फक्त त्याच्या वरच्या पटी, ६६च्याही बऱ्याच वरच्या. मेंदू त्या पटींमधलं सारखं अंतर ओळखतो आणि पाया स्वतःच भरून काढतो. ऑर्गन बांधणारे याचाही फायदा उठवतात. दहा मीटरची नळी उभारायला छत पुरत नसेल, तर १६ फुटी (म्हणजे तीच पाच मीटरची) नळी आणि तिच्या पंचमाची, १०⅔ फुटांची नळी एकदम वाजवतात. कानाला भास होतो ३२ फुटी नळीचा.

महोत्सव या चर्चमधून त्या चर्चमध्ये फिरतो, कारण वाद्य हलत नाही. वजन हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे इमारतही वाद्याचाच भाग असते. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यात, कुणी एक ‘ओम’ म्हटला तर कमानीच्या छताखाली तो किती वेळ रेंगाळतो ते आठवा. तिथे टाळ-पखवाजाचं द्रुत भजन लावलं तर नुसता कालवा होईल. एकेक सूर सावकाश सोडला तर लेणं स्वतःच साथ करतं. मोठ्या दगडी चर्चचंही तेच, आणि ऑर्गनचं बरंचसं संगीत या रेंगाळण्याचा हिशेब धरूनच रचलेलं असतं. हे रेंगाळणं पहिल्यांदा नीट मोजलं हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनने, १८९०च्या दशकात. साधन काय, तर एक ऑर्गनची नळी, घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातून रात्री उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या. गाद्या वाढवत जायचं आणि नळी थांबल्यावर आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सभागृहांचं ध्वनिशास्त्र त्या गाद्यांतून निघालं.

बुवांनी मात्र मला वेगळ्याच ठिकाणी पकडलं. “मे महिन्याच्या सप्ताहात बासरीवाला आला की चढतोच. पेटीला जुळतच नाही. ह्यांचं जुळतं का?”

नाही जुळत. नळीचा सूर हवेतल्या ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो आणि हवा तापली की हा वेग वाढतो. परभणीत डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असतात (कधी त्याहूनही खाली, पेपरात बातमी येते) तेव्हा तो सेकंदाला साधारण ३३८ मीटर असतो. मेच्या दुपारी ४२ अंशांत तो ३५६ होतो. फरक पाच टक्के. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये अंतर असतं सहा टक्क्यांचं. म्हणजे डिसेंबरात काळी एक दाखवणारी नळी मेमध्ये जवळजवळ पांढरी दोन बोलेल. पितळी पत्तीला हवेतल्या ध्वनीच्या वेगाशी कर्तव्य नाही. ती तापून किंचित मऊ पडते आणि सूर उलट जरासा उतरतो. बासरी वर, पेटी खाली, मधे बुवा.

ऑर्गनमध्ये तर हे भांडण घरातलंच असतं. बासरीसारख्या नळ्यांबरोबर काही नळ्या पत्तीच्याही असतात. श्रोत्यांनी चर्च भरलं आणि हवा पाच अंशांनी तापली, तर ४४० कंपनांच्या नळीचा सूर जवळजवळ चार कंपनांनी चढतो. पत्तीवाली तिथेच. दोन्ही एकदम वाजल्या की सेकंदाला चार हेलकावे, पुस्तकी भाषेत विस्पंद. म्हणून कार्यक्रमाआधी सूर लावणारा येतो आणि हजारो साध्या नळ्यांना हात न लावता थोड्याशा पत्तीच्या नळ्याच त्यांच्याबरोबर ओढून घेतो. बहुमताने.

हे पटवायला मी मे महिन्यात पीव्हीसीचा तुकडा घेऊन बुवांच्या ओट्यावर गेलो. पहाटे साडेपाचला तो पेटीच्या पांढरी एकला अगदी चिकटला. दुपारी तीनला पत्र्याखाली बसून पुन्हा चापट मारली. चढला होता, स्पष्ट. बुवांनी दोनदा पट्टी दाबून पाहिली, आत गेले आणि एका लग्नपत्रिकेचं जाड पाकीट घेऊन आले. पाइपच्या वरच्या तोंडाभोवती ते गुंडाळून रबर लावलं आणि बोटाने थोडं-थोडं वर सरकवत मला म्हणाले, “हाना.” पावणेदोन सेंटिमीटर वर आल्यावर जुळला.

ऑर्गनच्या कित्येक नळ्यांच्या डोक्यावर अशीच सरकती कडी असते. पत्र्याची.