जिवंत माणसाचा साचा: एकच कॅल्शियम, दोन स्वभाव

हाताचा किंवा चेहऱ्याचा साचा काढायचा म्हटलं की बहुतेकांना आधी प्लास्टर ऑफ पॅरिसच आठवतं आणि तिथेच घात होतो. जिप्सम नावाचं खनिज साधारण १५० अंशांना भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं, उरते ती ही पावडर. तिच्यात पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत ओढून घेते आणि भाजताना आत गेलेली उष्णता बाहेर टाकते. पातळ थर असला तर फक्त कोमट लागतं, पण जाड गोळा असला तर तापमान ६० अंशांवर जाऊ शकतं आणि तोवर त्याचा दगड झालेला असतो, हात बाहेर काढायचा म्हटला तरी निघत नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला एका मुलीने बादलीतल्या प्लास्टरमध्ये हात बुडवले, तिची बहुतेक बोटं गेली. म्हणून हात जोडून सांगतो, कातडीवर प्लास्टरचा जाड थर कधीच नको.

मग वापरायचं काय, तर अल्जिनेट. दाताचं माप घेताना डॉक्टर तोंडात जो गुळगुळीत लगदा भरतात तोच. हे तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की त्या पावडरमध्येसुद्धा कॅल्शियम सल्फेटच असतं, म्हणजे जिप्समच्याच घरातलं. फक्त इथे कॅल्शियम शेवाळाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं, त्यामुळे दगड न होता थंडगार रबरासारखी जेली होते. पावडरीत थोडं फॉस्फेटही घातलेलं असतं, ते कॅल्शियमला आधी स्वतःकडे अडकवून ठेवतं, म्हणून काही मिनिटं लगदा मस्त पातळ राहतो आणि फॉस्फेट संपलं की बघता बघता सगळं एकदम घट्ट! नवीन माणूस इथेच गडबडतो. थंड पाणी घेतलं की जास्त वेळ मिळतो, फक्त मॉडेल कुडकुडणार.

भुवया, पापण्या आणि अंगावरच्या केसांना आधी व्हॅसलिन लावायचं, कारण अल्जिनेट कातडीला चिकटत नाही पण केस मात्र पकडून ठेवतं. नाकपुड्या पूर्ण मोकळ्या ठेवायच्या आणि एका माणसाने फक्त नाकपुड्यांकडेच बघत राहायचं. उभ्या मॉडेलचे गुडघे ताठ नकोत, खूप वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस धाडकन कोसळतो.

जेली स्वतःचा आकार धरत नाही, म्हणून ती ओली असतानाच वर कापूस दाबायचा आणि त्यावर प्लास्टर बँडेजचे तीनचार थर द्यायचे. हे थर पातळ असतात, खाली ओलं अल्जिनेट असतं, त्यामुळे कातडीला थोडी ऊबच जाणवते.

काढताना ओढाओढ नको. मॉडेलला गाल फुगवायला, तोंड वेडंवाकडं करायला सांगायचं, आत हवा शिरली की साचा आपोआप सुटतो. मग आतून बघा, ओठांवरच्या बारीक रेघा, नाकाच्या शेंड्यावरची छिद्रं, सगळं उलटं उमटलेलं असतं. ते बघत बसायचा मोह होतो पण वेळ नसतो, अल्जिनेटमध्ये बहुतांश पाणीच असतं, ते उडायला लागलं की चेहरा आक्रसतो. लगेच प्लास्टर कालवून ओतायचं. थोड्या वेळाने साचा बाहेरून हाताला चांगलाच गरम लागतो, पण आता आत कोणी नसतं.